पाहिलं असतं तर मानलं असतं का? योहानाच्या शुभवर्तमानातली चिन्हे आणि आपला विश्वास

मार्कंडेय_काठ (बेळगाव)

आमच्या मंडळीत उपासना एक रविवार कानडीत, एक रविवार मराठीत होते. उपासना सुटली की तरुण मुलांचा बायबलचा वर्ग असतो, तो मी घेतो. सध्या योहानाचं शुभवर्तमान चाललंय, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं एक पुस्तक. येशूच्या चमत्कारांना योहान 'चिन्हे' म्हणतो. काना गावातल्या लग्नाचा भाग वाचून झाल्यावर एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "सर, आपण त्या लग्नात असतो, पाण्याचा द्राक्षारस झालेला स्वतः चाखला असता, तर विश्वास ठेवायला किती सोपं गेलं असतं! आपल्याला सगळं ऐकूनच मानायला लागतंय." बाकीच्या मुलांनीही तिचीच री ओढली.

हा प्रश्न वर्गापुरता नाही. आपल्या भागात, चिक्कोडी-गोकाकपासून खानापूरच्या जंगलपट्टीपर्यंत, ख्रिस्ती घरात विश्वासाची गोष्ट निघाली की साक्षीचीच गोष्ट निघते. अमक्याचं दुखणं गेलं, तमकीला मूल झालं, मग घर प्रभूकडे वळलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो. ख्रिस्ती असा वा नसा, मोकळेपणाने बोला.

माझं मत आधीच सांगतो. योहानाने ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांचीच गोष्ट लिहिली आहे, आणि त्यांना ते अजिबात सोपं गेलेलं नाही.

कानाचंच घ्या. सहा दगडी रांजण, चाकरांनी ते काठोकाठ भरले. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळलं नाही, नवऱ्या मुलाला तर नाहीच. ज्यांनी पाणी भरलं आणि तेच काढून पंगतीत नेलं त्या चाकरांना मात्र ठाऊक होतं, असं योहान मुद्दाम नोंदवतो. म्हणजे सगळ्यात जवळून पाहिलं ते त्यांनी. पण शेवटी विश्वास ठेवला म्हणून उल्लेख येतो तो शिष्यांचा. चाकरांबद्दल पुढे एक अक्षर नाही.

दुसरा अध्याय संपताना वल्हांडणाच्या यहुदी सणात पुष्कळ लोक चिन्हे पाहून त्याच्या नावावर विश्वास ठेवतात, आणि लगेच पुढचं वाक्य येतं: येशूला स्वतःला मात्र त्यांचा भरवसा वाटला नाही, कारण तो सगळ्यांना ओळखून होता. मला हे वाक्य दरवेळी थांबवतं. लोक विश्वास ठेवतायत आणि ज्याच्यावर ठेवतायत तोच बिचकतोय.

सहाव्या अध्यायात पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार पुरुष आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या. लोक त्याला धरून राजा करायला निघतात. दुसऱ्या दिवशी तीच माणसं सरोवर ओलांडून येतात आणि विचारतात, "आम्ही पाहून विश्वास ठेवावा असं कोणतं चिन्ह तुम्ही दाखवता?" काल पोटभर जेवलेली माणसं! येशू त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही चिन्हे पाहिलीत म्हणून आला नाहीत, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात. अध्याय संपेपर्यंत त्याच्या शिष्यांपैकीही बरेचजण परत फिरतात.

आणि लाजार. मरून चार दिवस झालेला माणूस प्रेतवस्त्रांनी बांधलेला बाहेर येतो. बघणाऱ्यांपैकी पुष्कळ विश्वास ठेवतात, पण काहीजण उठून थेट परुश्यांकडे, म्हणजे येशूला विरोध करणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांकडे, बातमी द्यायला जातात. सभा भरते. त्या सभेत कोणी "हे खोटं आहे" असं म्हणत नाही. "हा माणूस पुष्कळ चिन्हे करतो, आता काय करायचं?" असं म्हणतात. बाराव्या अध्यायात तर मुख्य याजक लाजारलाही मारायचा बेत करतात, कारण त्याला बघून लोक येशूकडे चालले होते.

जुन्या करारातही हेच. तांबडा समुद्र दुभंगलेला पाहून लोकांनी परमेश्वरावर आणि मोशेवर विश्वास ठेवला असं निर्गम या पुस्तकाचा १४वा अध्याय म्हणतो. तीनच दिवसांत मारा या ठिकाणच्या कडू पाण्यावरून कुरकुर सुरू, आणि बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचं वासरू करून त्याची पूजा.

आता त्या मुलीला उत्तर काय देऊ? तुमचे विचार लिहा.

घटप्रभा (गोकाक)

सर, लेख मनापासून वाचला. वचनं सगळी बरोबर आहेत. पण वाचताना मन थोडं दुखावलं.

आमच्या घरात विश्वास आला तो आईच्या आजारपणातूनच. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि वस्तीतल्या दोन बायका रोज संध्याकाळी येऊन उशाशी प्रार्थना करायच्या. आई उठली. त्यानंतर तिने बायबल हातात घेतलं ते मरेपर्यंत सोडलं नाही. अक्षरओळख नव्हती, नातवाकडून वाचून घ्यायची. तिच्या विश्वासाला तुम्ही भाकरीसाठी आलेल्यांच्या रांगेत बसवता का? पाहून आलेला विश्वास कमअस्सल, असं म्हटलं की आमच्यासारखी निम्मी घरं उठून जातील.

आणि तुम्ही थोमा या शिष्याला विसरलात. येशू मरणातून उठला म्हटल्यावर त्याने तर जखमांत बोट घालून बघतो म्हटलं, आणि प्रभू त्याच्यासाठी परत आला. हाकलून नाही दिलं.

निपाणीकर_वाचक

मी धर्म मानत नाही, पण धागा चांगला आहे म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे "त्यांनी पाहिलं" इथून सुरुवात करताय. मुळात पाहिलं का, हा प्रश्न कोण विचारणार? डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मांडलेला मुद्दा अजून कोणाला खोडता आलेला नाही: साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही जास्त अशक्य वाटेल, तेव्हाच ती साक्ष मानावी. एखादा मेलेला उठला असं कोणी सांगितलं, तर सांगणारा चुकला असण्याची शक्यता नेहमीच मोठी. शिवाय शुभवर्तमानं घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिली गेली. मग चिन्हे पाहून विश्वास ठेवावा की न पाहता, हा वाद हवेतला नाही का?

मार्कंडेय_काठ

@घटप्रभा ताई, आईंच्या विश्वासाला कमी लेखायचा विचार मनातही नाही. थोमाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. एक मात्र बघा. थोमाला हात लावून बघायला सांगितलं गेलं, पण त्याने हात लावला असं योहान लिहित नाही. तो फक्त "माझा प्रभू, माझा देव" म्हणतो. त्यानंतर येशू म्हणतो, पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य. आणि तुमच्या आईंनी आजार गेल्यावरही इतकी वर्षं जे नातवाकडून वाचून घेतलं, तेच त्या भाकरीवाल्या गर्दीने केलं नाही. ते लोक परत गेले, आई राहिल्या. माझ्या लेखी फरक इथेच आहे.

@निपाणीकर, प्रश्न रास्त आहे. योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात, ते मी नाकारत नाही. पण पौल या प्रेषिताचं करिंथकरांस पहिलं पत्र त्याच्या बरंच आधीचं, साधारण इ. स. ५५ च्या आसपासचं. त्यात तो लिहितो की उठलेल्या ख्रिस्ताला पाचशेहून अधिक बांधवांनी एका वेळी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. तुम्हाला ते पटेलच असं नाही. पण "जाऊन विचारा" असं सांगणारा माणूस किमान तपासाला घाबरत नव्हता. दुसरं म्हणजे रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा आणली बायकांनी, आणि लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की प्रेषितांना ती बडबड वाटली, त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्या काळात बाईच्या साक्षीला किंमत फार कमी. गोष्ट रचायची असती तर अशी कोणी रचली नसती.

याने चमत्कार सिद्ध होत नाही, मला ठाऊक आहे. मला जे लक्षात येतं ते वेगळं. हे ग्रंथ स्वतःच पाहणाऱ्यांची शंका लपवत नाहीत. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य डोंगरावर उठलेल्या येशूला पाहून नमन करतात, तिथेच लिहिलंय की काहींना संशय वाटला. मार्क ३ मध्ये विरोधक म्हणतात की हा बालजबूलाच्या, म्हणजे भुतांच्या सरदाराच्या, जोरावर भुतं काढतो. म्हणजे प्रसंग सगळ्यांसमोरचा, भांडण अर्थावरून. तुमचा प्रश्न "घडलं का" हा आहे. तो मोठा आहे, पण तो सुटल्यावरही दुसरा उरतोच, आणि आमच्या वर्गातली मुलगी त्या दुसऱ्यापाशी उभी आहे.

निपाणीकर_वाचक

दुसरा प्रश्न वेगळा आहे हे मान्य. पहिल्यावर मी आहे तिथेच आहे. वाचत राहतो.

कडोलीचा_वारकरी

जय हरी. मी माळकरी माणूस, पण हा विषय आमच्याही घरचा आहे.

चांगदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन आले, आणि समोरून भावंडं बसलेली भिंत चालत आली. लहान पोरांना आपण गोष्ट इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. पण भिंत चालली त्याने फार तर चांगदेवांचा ताठा गेला. ज्ञान मिळालं ते पुढे मुक्ताबाईंकडून, त्यांना गुरू करून, इतक्या लहान मुलीसमोर बसून. सिद्धी तर चांगदेवांकडेही होत्या. मग सिद्धी बघून शहाणपण येत असतं तर त्यांना आधीच यायला पाहिजे होतं.

आमच्या कीर्तनातही महाराज लोक भिंत, रेडा, इंद्रायणीत तरलेल्या वह्या यावर तास घालवतात आणि नामाला दहा मिनिटं देतात. मला ते कधी आवडलं नाही. तुमच्या योहानाचं हे पाच हजारांचं जेवण मी आज पहिल्यांदा असं ऐकलं. दुसऱ्या दिवशी परत चिन्ह मागणारी माणसं आमच्या गावातही खूप आहेत.

खानापूर_रोड (टिळकवाडी)

कॅथलिकांच्या बाजूने थोडं.

कॅम्पातल्या आमच्या कॅथेड्रलला नाव आहे फातिमा मातेचं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. फातिमा हे पोर्तुगालमधलं गाव. १९१७ मध्ये तिथे तीन मेंढपाळ मुलांना मातेचं दर्शन झालं, आणि १३ ऑक्टोबरला भर पावसानंतर जमलेल्या हजारो लोकांनी सूर्य गरगरताना पाहिला असं सांगितलं. त्याच गर्दीतल्या काहींना तसं काहीच दिसलं नाही. तिथल्या बिशपांनी ते दर्शन विश्वास ठेवण्याजोगं म्हणून मान्य केलं ते १९३० मध्ये, म्हणजे चौकशी होऊन, तेरा वर्षांनी. आणि मान्य केल्यावरही चर्चची शिकवण हीच की असं खाजगी दर्शन मानणं कोणा कॅथलिकावर बंधनकारक नाही. श्रद्धेचा पाया ख्रिस्त, दर्शन नव्हे. आमच्यातल्याच कितीजणांना हे माहीत नसतं.

फ्रान्समधल्या लूर्दचंही तसंच. १८५८ पासून तिथे लाखोंनी आजारी लोक जातात, हजारोंनी बरं झाल्याचं सांगितलंय. तिथे डॉक्टरांचं मंडळ आहे. रोग खराच होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ होतं का, औषधाने ते झालं असेल का, हे सगळं वर्षानुवर्षं तपासतात. इतक्या काळात चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत.

जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवदर्शन दहा वर्षांनी असतं, मागचं २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालं. आपल्याकडून चोर्ला घाटाने किती गाड्या गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. मीही गेलो होतो. रांगेत पुढे-मागे सगळे शरीर कसं टिकलं यावरच बोलत होते. तो माणूस किती हाल सोसत हिंडला आणि चीनच्या दारात पोचून कसा मेला, हे विचारणारा कोणी नव्हता. मला वाईट वाटलं.

शहापूरची_आक्का

मी इथे कधी लिहित नाही. आज लिहिते.

माझ्या वहिनीला साखर आहे, इन्सुलिन चालू होतं. एका आरोग्यसभेला तिला कोणीतरी घेऊन गेलं. कुठली सभा, कोण प्रचारक, ते सांगत नाही. तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि स्टेजवरून सांगितलं की आता औषध घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. तिने घरी येऊन इन्सुलिन बंद केलं. माझा भाऊ ओरडून ओरडून सांगत होता, "मी काय सांगूलालोय ते ऐक गं", पण ऐकली नाही. पायाची जखम चिघळली, हॉस्पिटलात दोन बोटं काढावी लागली. त्याच माणसाला फोन केला तर म्हणाला, "सिस्टर, विश्वास कमी पडला."

बोटं गेली ती गेलीच. पण आता वहिनी स्वतःलाच खाते. माझाच विश्वास कमी पडला म्हणते. देवळात मान वर करत नाही. औषध अजूनही लपून चुकवते, घेतलं की पाप केल्यासारखं तोंड करते. सर, तुम्ही इतकी वचनं लिहिलीत. तिला दाखवायला एखादं वचन आहे का? मला वाद नको, वचन पाहिजे.

घटप्रभा

आक्का, वाचून पोटात तुटलं. माझ्या आईच्या उशाशी प्रार्थना करणाऱ्या त्या बायका स्वतः तिला गोळ्या भरवायच्या. "प्रार्थना झाली, आता गोळी घे" असं म्हणायच्या. ज्यांनी वहिनींना औषध बंद करायला सांगितलं त्यांनी प्रार्थनेचंच नाव खराब केलं.

मार्कंडेय_काठ

आक्का, एक नाही, पुष्कळ आहेत. मी लिहितो, तुम्ही वहिनींना बायबल उघडून दाखवा, म्हणजे त्यांना माझ्या शब्दावर विसंबायला नको.

सगळ्यात आधी योहान ५. बेथेसदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी पडलेला माणूस. येशू त्याला विचारतो, "तुला बरं व्हायचंय का?" तो हो म्हणत नाही, गाऱ्हाणं सांगतो: मला तळ्यात सोडायला कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो. त्याने विश्वास दाखवल्याचा एक शब्द तिथे नाही. येशू कोण हेसुद्धा त्याला ठाऊक नाही, बरा झाल्यावर लोकांनी विचारलं तर नाव सांगता आलं नाही. तरी तो बरा झाला. विश्वासाचं माप घेऊनच आरोग्य मिळत असतं तर त्याला मिळालं नसतं.

लूक ७ मध्ये नाईन गावच्या विधवेचा मुलगा. तिने काही मागितलंही नव्हतं, तिरडी चालली होती. मेलेल्या मुलाने कसला विश्वास ठेवला असणार! मार्क २ मध्ये छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षघाती. तिथे येशूने पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास. मग कोणी बरं झालं नाही तर त्या आजारी बाईलाच कमी पडलीस म्हणायचं, हे कुठून आलं? सभेत शेकडो विश्वासणारे होते ना, त्यांचा विश्वास कुठे गेला?

आता जे बरे झाले नाहीत त्यांच्याकडे बघा. पौलाच्या शरीरात काटा होता, त्याने तीनदा विनवणी केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच मागे ठेवला, २ तीमथ्य ४:२० बघा. तीमथ्याला पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे असं त्याने पत्रात लिहिलं. त्या काळचं औषधच ते. लूकला तो "प्रिय वैद्य" म्हणतो. पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का?

वहिनींसाठी आणखी एक, मार्क ९. आजारी मुलाचा बाप रडत म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास घेऊन आलेला बाप. त्याला येशूने परत पाठवलं नाही.

खानापूर_रोड

आक्का, आमच्या कॅथलिक बायबलात सिराकचा ग्रंथ आहे, त्याचा ३८वा अध्यायही वाचून दाखवा. वैद्याचा मान राख, परमेश्वरानेच त्याला निर्माण केलं, आणि औषधं जमिनीतून परमेश्वरानेच उगवली, शहाणा माणूस ती नाकारणार नाही, असा त्याचा भावार्थ. त्यात आधी प्रार्थना कर आणि मग वैद्याला जागा दे, दोन्ही आहे.

दौलत_पाटील_नव्हे

या अशा सभांसाठी कायदा आहे की नाही? बेळगावच्या अधिवेशनात २०२१ ला धर्मांतराचं विधेयक आलं होतं त्याचं काय झालं ते इथे कोणी का बोलत नाही?

संपादक

धर्मांतराच्या कायद्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको. रोग बरा करण्याचे जादुई दावे जाहिरातीत करण्याविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, एवढं नोंदवून पुढे जाऊ. आक्कांच्या वहिनींबद्दलचा तपशील कोणी विचारू नये.

हुक्केरी_मंडळी

जय ख्रिस्त. मी एका लहान मंडळीचा पाळक आहे. आमच्याकडे दर शुक्रवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तेलाचा अभ्यंग होतो, साक्षी होतात. त्यामुळे आक्कांचं लिखाण वाचून मला गप्प बसवेना.

आधी हे सांगतो. औषध बंद कर असं म्हणणारा माझा कितीही जवळचा भाऊ असो, तो चूक आहे. त्या बोटांचा हिशेब त्याला द्यावा लागेल.

पण सर, तुम्ही तराजू जरा एका बाजूला झुकवलाय. याकोबाच्या पत्रात, ५:१४ मध्ये, स्पष्ट आज्ञा आहे: कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये पेत्र या शिष्याने लोद गावात आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या पक्षघाती माणसाला उठवलं, आणि लोद व शारोनातले सगळे लोक त्याला पाहून प्रभूकडे वळले. पाहूनच वळले की नाही? येशूने स्वतः योहान १० मध्ये म्हटलं, माझ्यावर विश्वास नसला तरी कृत्यांवर ठेवा. आणि नासरेथात, त्याच्या स्वतःच्या गावात, लोकांच्या अविश्वासामुळे त्याने फार महत्कृत्ये केली नाहीत, हेही लिहिलंय. मी ज्या वाडी-वस्तीत फिरतो तिथे पुस्तक वाचून कोणी येत नाही. दार उघडतं ते दुःखातच.

मार्कंडेय_काठ

पाळक भाऊ, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. याकोब ५ माझ्या लिखाणात यायलाच हवा होता, आणि लोदाचं उदाहरण माझ्या म्हणण्याला खरोखरच छेद देतं. त्यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. त्याच पुस्तकात शोमरोनातला शिमोन जादूगारही आहे, ज्याने चिन्हे पाहून विश्वास ठेवला, बाप्तिस्माही घेतला आणि मग हे सामर्थ्य विकत मिळेल का म्हणून पैसे पुढे केले. दोन्ही एकाच हाताने लिहिलेलं आहे, तेव्हा दोन्ही धरावं लागेल.

नासरेथाबद्दल मात्र पटत नाही. मार्क ६ मध्ये अविश्वास आहे तो सबंध गावाचा, "हा सुतारच ना?" म्हणून त्याला झिडकारणाऱ्यांचा. अंथरुणावरच्या आजाऱ्याचा नाही. उलट तिथेही त्याने थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं, तेच वाक्य सांगतं. ते वचन वहिनींच्या गळ्यात बांधता येणार नाही.

आणखी एक मार्क १ मधलं. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर येशू त्याला सांगतो, कोणाला काही बोलू नको, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. नियमाप्रमाणे कुष्ठ गेलं की नाही हे ठरवायचं काम याजकाचं. म्हणजे आधी तपासणी. आजच्या सभांत नेमकं उलटं होतं, आधी माईक.

यल्लूर_एसटी_स्टँड

सर, मी तुमच्याच वर्गातला, नाव नको. सगळं वाचलं. मग योहानाने चिन्हे लिहिलीच कशाला? पाहून भागत नसेल तर वाचून कसं भागेल?

मार्कंडेय_काठ

चांगलं विचारलंस. योहान स्वतःच सांगतो, २०:३०-३१: अशी दुसरी पुष्कळ चिन्हे होती, ती या पुस्तकात लिहिली नाहीत, ही लिहिली ती तुम्ही विश्वास ठेवावा आणि तुम्हाला जीवन मिळावं म्हणून. थोमाच्या गोष्टीला लागूनच हे आलंय. म्हणजे ज्यांना बघायला मिळालं नाही त्यांच्यासाठीच लिहिलंय, तुझ्या-माझ्यासाठी.

आणि आपण पुढच्या रविवारी जो भाग वाचणार आहोत, चौथ्या अध्यायाचा शेवट, तो घरी नीट वाचून ये. राजाचा एक अंमलदार. मुलगा कफर्णहूम गावात मरायला टेकलाय, येशू काना गावात आहे. अंतर साधारण बेळगाव ते खानापूर एवढं, डोंगरावरून खाली सरोवराकडे. बाप म्हणतो, माझं मूल मरायच्या आत खाली चला. येशू आधी जरा कठोरच बोलतो: चिन्हे व अद्भुते पाहिल्यावाचून तुम्ही विश्वास ठेवणारच नाही. बाप वाद घालत नाही, पुन्हा तेच म्हणतो, चला. येशू जात नाही. "जा, तुझा मुलगा वाचला आहे," एवढंच सांगतो.

आता त्या माणसाकडे बघ. हातात काही नाही. येशू सोबत येत नाही. मुलगा दिसत नाही. तो त्या शब्दावर विश्वास ठेवून निघतो. चाकर वाटेत भेटतात ते दुसऱ्या दिवशी. ताप काल दुपारी सातव्या ताशी उतरला, म्हणतात. आपल्या हिशेबाने एकच्या सुमारास. त्याच वेळी ते शब्द उच्चारले गेले होते. मग योहान पुन्हा लिहितो की त्याने आणि त्याच्या सगळ्या घराण्याने विश्वास ठेवला.

ती मधली वाट, तो शब्द ऐकल्यापासून चाकर दिसेपर्यंतची, आपल्या सगळ्यांची आहे असं मला वाटतं. त्या मुलीला मी हेच सांगणार आहे. तो मुलगा बरा झालेला त्याच्या घरच्यांनी पाहिलं, पण वाटेवरचा तो माणूस आपल्याला सगळ्यात जवळचा.

घटप्रभा

सर, हे पटलं. माझी आई बरी झाली ते एकदाच. त्यानंतर बाबा गेले, धाकटा भाऊ गेला, दोघांसाठी प्रार्थना झाल्या होत्या. आई तेव्हाही वाटेवरच होती.

कडोलीचा_वारकरी

ही अंमलदाराची गोष्ट मी आमच्या भजनी मंडळात सांगितली तर चालेल ना? नाव-गाव जसंच्या तसं ठेवीन.

मार्कंडेय_काठ

जरूर सांगा, माउली.

हुक्केरी_मंडळी

सर, लोदाचं उत्तर तुम्ही बाकी ठेवलंत, ते मी विसरणार नाही. साक्षी मी थांबवणार नाही, त्या थांबवायला मला वचनात आधार दिसत नाही. पण मार्क १:४४ माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमच्या वडीलमंडळींशी काल रात्री बोललो. इथून पुढे कोणी बरं झालं म्हणालं तर आधी डॉक्टरला दाखवायचं, कागद बघायचा, मगच पुढे बोलवायचं. आणि प्रत्येक शुक्रवारी प्रार्थनेआधी मी स्वतः सांगणार: चालू औषध कोणीही बंद करायचं नाही. दोघेजण नाराज आहेत, त्यांना मी समजावीन.

शहापूरची_आक्का

पाळक भाऊ, वहिनीला योहान ५ वाचून दाखवला. अडतीस वर्षं ऐकून तिने परत वाचायला लावलं. त्या माणसाला नावसुद्धा माहीत नव्हतं हे तिला खरंच वाटेना, स्वतः बोट ठेवून वाचली. पण औषधाचं काढलं की अजून गप्प होते. आमचं ऐकत नाही, डॉक्टरचंही नाही. ज्या तोंडाने तिला बंद कर सांगितलं तसल्याच, म्हणजे प्रार्थना करणाऱ्याच तोंडाने चालू कर सांगितलं तर ऐकेल असं वाटतं. शुक्रवारी तिला तुमच्याकडे आणली तर चालेल का?

हुक्केरी_मंडळी

या आक्का, भावालाही आणा. गर्दीत नको, सभेच्या आधी तासभर या, माझी बायको आणि मी दोघे बसू. येताना तिची हॉस्पिटलची फाईल आणि आत्ता चालू असलेलं इन्सुलिन थंड डब्यात, बर्फाला थेट लागू न देता, घेऊन या. दुपारच्या डोसची वेळ झाली तर आमच्याच घरी, प्रार्थना करून, घेऊ दे.